काकांची गोळी बोगस नव्हती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या बुधवारी फोंड्याच्या मार्केटात मासळी घेत उभा होतो, तिथे गावचा एक ओळखीचा भेटला. त्याच्या मेव्हण्याला कॅन्सर निघालाय आणि डॉक्टर म्हणतात आधी जीनची टेस्ट करू मग गोळी ठरवू, तर हा मला म्हणतो, "तुझ्या काकांना पण तसलीच गोळी दिलेली ना? आधी बरं वाटलं आणि मग परत आलंच ना? सगळी बोगसगिरी आहे रे, कंपन्यांचे धंदे." मी तिथे काही बोललो नाही, एका हातात बांगडे, मागे लोकांची ढकलाढकली, पण घरी आल्यावर रात्रभर तेच डोक्यात. म्हणून हे पत्र. लांबलंय याची कल्पना आहे, कापायचं तर कापा, पण टेस्टच्या पैशांचा भाग तेवढा ठेवा.

माझे थोरले काका बोरीचे. जन्म गेला जुवारी नदीच्या काठच्या खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या भातशेतात, अनवाणी. चप्पल फक्त लग्नाला आणि मतदानाला. त्यांच्या उजव्या टाचेवर एक काळा डाग आला, उडदाच्या दाण्याएवढा, मग वाढत वाढत रुपयाएवढा झाला आणि कडा वेड्यावाकड्या. घरात सगळ्यांनी पाहिला होता बरं का, मी पण पाहिला होता. काकी म्हणाली काटा मोडलाय, कोणी म्हणालं कुरूप, मग कॉर्न कॅप लावून झाली, एकदा ब्लेडने तासून पण झालं, एका डॉक्टरने डायबेटिस आहे म्हणून जखम भरत नाही असं सांगून मलम दिलं आणि त्या मलमावर आठ महिने गेले. जांघेत गाठ आली तेव्हा बायोप्सी झाली आणि रिपोर्टवर शब्द आला मेलानोमा, कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर.

तेव्हा आमच्या घरातला पहिला प्रश्न, हा तर गोऱ्या लोकांचा कॅन्सर ना, उन्हाने होणारा? हाच गैरसमज आमच्या मुळावर आला. आपल्याकडे हा आजार कमी आहे हे खरं, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली नाहीतर तोंडा-नाकाच्या आतल्या नाजूक कातडीवर होतो, आणि तिथे उन्हाचा फारसा संबंधच नाही. हणजुण्याला, हरमलला बीचवर दर तिसऱ्या दुकानात बॉब मार्लेचा टीशर्ट लटकलेला असतो. तो माणूस याच आजाराने गेला हे घालणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल? पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली होता. १९७७ ची गोष्ट, फुटबॉल खेळताना लागलं असं समजून सुरुवातीला दुर्लक्ष झालं, मग मेलानोमा निघाला, डॉक्टरांनी अंगठा काढायला सांगितला तो त्याने काढू दिला नाही, आणि ११ मे १९८१ ला गेला, वय ३६. आपल्या गोव्यात तर दर वाड्यावर फुटबॉल, काळं पडलेलं नख कोण बघतो! लागून काळं झालेलं नख वाढीबरोबर हळूहळू पुढे सरकत जातं, पण काळी रेघ जागची हलत नसेल, रुंद होत असेल, नखाच्या मुळाशी कातडी पण काळी व्हायला लागली असेल तर स्किनच्या डॉक्टरला दाखवा, बाकी काही नको.

असो, मुद्दा गोळीचा आहे.

काकांना मुंबईला टाटाला, कॅन्सरच्या हॉस्पिटलात नेलं. कोकण कन्येने रात्रभर बसून, पहाटे दादरला उतरून टॅक्सीने परळ, आपल्यातल्या कितीतरी घरांना हा रस्ता तोंडपाठ असेल. तिथे गाठीच्या तुकड्यावर जीनची टेस्ट झाली आणि बी-राफ नावाच्या जीनमध्ये व्ही ६०० ई हा बदल सापडला. हा बदल मेलानोमात असतो हे २००२ साली कळलं. बाहेरच्या देशांत कातडीच्या मेलानोमात साधारण निम्म्या पेशंटना तो सापडतो, तळपायाच्या प्रकारात त्याहून बराच कमी, म्हणजे काकांचं नशीब त्या बाबतीत बरं म्हणायचं. हा जीन म्हणजे पेशीला 'वाढ' म्हणून सांगणारा स्विच, तो चालू स्थितीत अडकून बसतो. तो बंद करणारी पहिली गोळी, वेमुराफेनिब, अमेरिकेत २०११ ला आली. त्याआधी अंगभर पसरलेला मेलानोमा म्हणजे बहुतेकांना वर्षभरसुद्धा मिळत नसे, हे पण लक्षात ठेवा.

आणि टेस्ट न करता अशी गोळी देऊन बघू म्हटलं तर चालत नाही. कारण ज्या पेशीत तो बदल नाही तिथे हीच गोळी उलटी वागते, सिग्नल बंद करायच्या ऐवजी वाढवते. सुरुवातीला नुसती वेमुराफेनिब घेणाऱ्यांना कातडीचे दुसरेच छोटे कॅन्सर उठायला लागले ते यामुळेच. अजून एक गंमत (गंमत तरी कसली), आतड्याच्या कॅन्सरमध्ये अगदी हाच व्ही ६०० ई बदल असला तरी ही गोळी एकटी दिली तर जवळजवळ फुकट जाते, कारण तिथल्या पेशी लगेच दुसऱ्या रिसेप्टरवरून (पेशीवरच्या सिग्नल घेणाऱ्या जागेवरून) सिग्नल चालू करतात. म्हणजे नुसता जीन बघून पण भागत नाही, कुठल्या अवयवात आहे ते पण बघावं लागतं. ह्याला म्हणतात पेशंट बघून ट्रीटमेंट. आजकाल होर्डिंगवर 'पर्सनलाइज्ड' लिहून चाळीस पानी रिपोर्ट विकतात, त्यात इथे मिळतच नाहीत अशा औषधांची नावं असतात, ते वेगळं.

काकांना दोन गोळ्या एकत्र दिल्या, डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब. गणपतीच्या चवथीच्या सुमारास सुरू झाल्या. पहिल्या महिन्यात ताप, हुडहुडी भरून ताप, आम्ही घाबरलो, पण त्या जोडीने साधारण निम्म्या पेशंटना ताप येतोच आणि गोळी थोडे दिवस थांबवून परत चालू करतात हे नंतर कळलं. आणि मग जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. लिंबाएवढी गाठ तीन आठवड्यांत हाताला लागेना. दिवाळीच्या आदल्या रात्री माणूस रस्त्यावर उभा राहून पोरांनी केलेला नरकासुराचा पुतळा बघत होता, पोरांना सांगत होता हात बारीक झालेत, वरून भात्याण (पेंढा) कमी भरलंय. शिगम्यात रोमटाच्या मिरवणुकीमागे थोडं चालले पण. आणि पुढच्या चवथीच्या आधी खोकला सुरू झाला, स्कॅनमध्ये फुप्फुसात डाग, जांघेत परत गाठ. गोळ्या एक दिवस चुकल्या नव्हत्या. अकरा महिने.

मग लोक बोलायला लागले. कोणी म्हणालं गोळी डुप्लिकेट आली असेल, कोणी म्हणालं मासे खाल्ले, पथ्य पाळलं नाही. काकींना तर एका बाईने सरळ विचारलं की तुम्ही देवाला बोललेलं फेडलं नाही का. काका स्वतः मला म्हणाले, "माझं काहीतरी चुकलं रे." हे मला आजही जाळतं. त्यांचं काही चुकलं नव्हतं, डॉक्टरचं नव्हतं, गोळीचं पण नव्हतं.

काय झालं ते आपल्या खाजनातलं उदाहरण देऊन सांगतो, काकांना पण मी असंच सांगितलं होतं आणि त्यांना ते डॉक्टरपेक्षा लवकर कळलं. समजा शेतात ज्योती जातीचा भात पेरलाय आणि बियाण्यात कोरगुट या दुसऱ्या जातीच्या भाताचे चार दाणे चुकून आलेत. शेत वरून एकसारखं हिरवंगार. एका वर्षी बांध फुटून खारं पाणी आत शिरलं, ज्योती सगळा करपला, शेत रिकामं दिसायला लागलं, पण कोरगुट खाऱ्या पाण्याला दाद देत नाही, ती चार रोपं उभीच. त्यांचंच बी पडलं, पुढच्या हंगामात शेत भरलं ते कोरगुटाने. आता कितीही खारं पाणी सोडा. गाठीत करोडो पेशी असतात आणि सगळ्या एकसारख्या नसतात, त्यातल्या थोड्या गोळीला न जुमानणाऱ्या बऱ्याचदा आधीपासूनच असतात. गोळीने बाकीच्या मारल्या आणि यांना जागा मोकळी करून दिली. गोळीने काम केलं म्हणूनच हे झालं, बोगस असती तर गाठ वितळलीच नसती.

दुसरं म्हणजे मानस, खाजनाच्या बांधातलं पाणी आत-बाहेर सोडायचं दार. बी-राफची मानस उघडी अडकली होती, गोळीने ती बंद केली. तिच्या मागे त्याच वाटेवर मेक नावाची दुसरी मानस, ट्रॅमेटिनिबने ती पण बंद केली, म्हणून जोडी एकट्या गोळीपेक्षा जास्त टिकते, एकटी सहा-सात महिने तर जोडी साधारण अकरा. पण कुर्ल्या बांधाला बिळं पाडायच्या थांबतात का? एनरास नावाच्या जीनमध्ये नवा बदल होतो आणि पाणी बाजूने येतं. किंवा पेशी बी-राफच्याच ढीगभर प्रती काढते, किंवा त्याचा तुटका आकार बनवते ज्यावर गोळी नीट बसतच नाही, म्हणजे मानशीची फळी तीच पण चौकट बदलली. किंवा ती वाटच सोडून दुसऱ्याच वाटेने वाढते. आणि वाईट म्हणजे एकाच पेशंटच्या फुप्फुसातल्या गाठीत एक बीळ आणि जांघेतल्या गाठीत दुसरंच, असं पण होतं. काका हे ऐकून एवढंच म्हणाले, "मग बीळ कुठे पडलंय ते बघायला नको?"

हाच तर प्रश्न आहे संपादक साहेब. बीळ बघायचं म्हणजे परत बायोप्सी आणि परत टेस्ट. आम्ही विचारलं तर काउंटरवरून उत्तर, एकदा टेस्ट झालीय ना, परत कशाला, आणि कार्डावर हे बसत नाही, बाहेर करा. (कुठला काउंटर ते लिहीत नाही, कारण तो माणूस पण कागदावर जे आहे तेच सांगत होता.) बाहेर करायला पैसे जमवण्यात पाच आठवडे गेले, आधीच गोळ्यांच्या एका महिन्याच्या पैशात सेकंडहँड स्कूटर आली असती, कुळागराचा (बागायतीचा) एक तुकडा गहाण पडला होता. रिपोर्ट आला तेव्हा काका अंथरुणाला लागले होते. टेस्ट वेळेवर झाली असती तर वाचले असते असं मी म्हणत नाही, ते कोणीच म्हणू शकत नाही. पण पुढचं औषध अंदाजाने ठरलं, आणि ज्या ट्रीटमेंटचा सगळा पायाच अंदाज नको हा आहे तिथे दुसऱ्या वेळी आपण परत अंदाजावर येतो, हे कसलं पर्सनलाइज्ड?

मधल्या काळात एका हितचिंतकाने सल्ला दिलेला की गोळ्या एक दिवस आड घ्या, पैसे पण वाचतील आणि कॅन्सरला गोळीची सवय पण होणार नाही. ऐकायला इतकं पटतं की आम्ही जवळजवळ केलं असतं. आणि हा विचार अगदी येडचाप पण नाही, उंदरांवर असं मध्ये मध्ये थांबून औषध दिलं तर गोळी जास्त दिवस चालते असं २०१३ ला दिसलं होतं. पण मग माणसांवर ट्रायल झाली, याच दोन गोळ्यांची, २०२० मध्ये निकाल आला, रोज घेणाऱ्यांचा आजार ९ महिने आटोक्यात राहिला आणि मध्ये तीन तीन आठवडे थांबणाऱ्यांचा साडेपाच महिने. उलटंच निघालं. तेव्हा पैशासाठी गोळ्या पुरवून पुरवून घेणारे जे कोण असतील त्यांनी डॉक्टरला न विचारता असं करू नका, डॉक्टरला पैशाची अडचण तोंडावर सांगा, लाजू नका.

आता त्या मार्केटातल्या भल्या माणसासाठी थोडे आकडे, कारण सगळंच काळं नाही. ही गोळ्यांची जोडी घेणाऱ्यांपैकी ५ वर्षांनी ३४ टक्के जिवंत होते आणि १९ टक्क्यांचा आजार तोपर्यंत वाढलाच नव्हता. म्हणजे पाचातल्या जवळजवळ एकाच्या बांधाला पाच वर्षं बीळ पडलं नाही. आणि इम्युनोथेरपी, म्हणजे आपल्याच शरीरातल्या सैनिक पेशींना लागलेला ब्रेक काढणारी इंजेक्शनं, ज्याच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं, त्यातली निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही जोडी दिलेल्यांपैकी १० वर्षांनी ४३ टक्के जिवंत आहेत, हे २०२४ मध्ये छापून आलं. हे आकडे बहुतेक गोऱ्या पेशंटचे आहेत, तळपायाच्या मेलानोमावर ही इंजेक्शनं तेवढी चालत नाहीत, तेव्हा जसेच्या तसे आपल्याला लावू नका. पण एक गोष्ट त्यातून मिळते, आधी काय आणि नंतर काय याने फरक पडतो. बी-राफचा बदल असलेल्यांना आधी इंजेक्शनं आणि आजार वाढला तर गोळ्या, की उलट, याची ट्रायल झाली, तर आधी इंजेक्शनं घेतलेल्यांत २ वर्षांनी जवळपास ७२ टक्के जिवंत, आधी गोळ्या घेतलेल्यांत साधारण ५२. काकांच्या वेळी हा आकडा कोणाकडेच नव्हता, त्यामुळे कोणाला दोष नाही. आज आहे. आज ज्याला हा आजार निघेल त्याच्या डॉक्टरला घरच्यांनी विचारावं की आधी काय द्यायचं, आणि का.

इंजेक्शनं परवडत नाहीत हे मला ऐकवू नका, मला माहितीय. पण आपल्या टाटानेच तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरवर निवोलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम तीन आठवड्यांनी देऊन बघितलं, नेहमीच्या डोसच्या दहाव्या भागाहून कमी, बाकीच्या स्वस्त औषधांच्या जोडीला, आणि एका वर्षानंतर जिवंत असणारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. तो मेलानोमा नव्हे, त्यामुळे इकडचं तिकडे चिकटवता येत नाही, पण आपल्या खिशाला झेपेल असं शोधून काढता येतं एवढं तरी त्यातून दिसतं. आणि गोव्यात पण होतं की! ब्रेस्ट कॅन्सरमध्ये हर-टू टेस्ट (गाठीच्या पेशींवर त्या नावाचं प्रोटीन जास्त आहे का ते बघणारी) करून त्यावर चालणारी महागडी इंजेक्शनं गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात, २०२४ पासून फुकट मिळायला लागली, त्याच्या बातम्या तुम्हीच छापल्या. ती पर्सनलाइज्ड ट्रीटमेंटच, फक्त तिला कोणी ते नाव दिलं नाही.

म्हणून सरकारकडे मागणं एवढंच आहे की टेस्टला ट्रीटमेंटचा भाग धरा, औषधाला मंजुरी आणि टेस्टला 'बाहेर करा' असं नको. आणि टेस्ट एकदाच नाही, आजार परत उठला की परत, मग ती बायोप्सीने करा नाहीतर जिथे जमेल तिथे रक्तातून करा, आता रक्तात तरंगणारे गाठीचे डीएनएचे तुकडे पण पकडता येतात. मेलानोमाचे पेशंट गोव्यात फार नसतील, पण गोळी आधी चालते मग थांबते हे काय मेलानोमापुरतं आहे का, लंग कॅन्सरच्या ईजीएफआर नावाच्या जीनवरच्या गोळ्यांचं तेच, ब्लड कॅन्सरच्या काही गोळ्यांचं तेच. सगळे मिळून मोजले तर हा खर्च काही मूठभर लोकांचा लाड राहत नाही. आणि जोडीला आठवड्यातून एक दिवस बांबोळीचे डॉक्टर आणि मुंबईचे मोठे डॉक्टर व्हिडिओवर बसून परत उठलेल्या केसेस बघतील असं काही करा, म्हणजे एका कागदासाठी खोकणाऱ्या माणसाला घेऊन कोकण कन्येत बसायला नको.

तुमच्याकडे पण एक तक्रार आहे, रागावू नका. 'कॅन्सरवर रामबाण औषध सापडलं' असली हेडिंगं देऊ नका. रामबाण वाचलं की औषध थांबल्यावर लोक पेशंटकडे संशयाने बघतात. त्यापेक्षा औषध किती जणांना चाललं आणि किती महिने चाललं हे दोन आकडे छापा, गोव्यातला वाचक तेवढा शहाणा आहे.

आपला,
एक वाचक
बोरी, फोंडा

ता. क. – ज्यांच्या घरात बायोप्सी झालीय त्यांनी काढलेल्या तुकड्याचा ब्लॉक आणि स्लाइड जपून ठेवा, पुढच्या टेस्टला प्रत्येक ठिकाणी तेच मागतात. तो ब्लॉक मेणाचा असतो. आम्ही मे महिन्यात तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून बँकेत गेलो होतो, परत येईपर्यंत मऊ पडलेला, नशिबाने वाया गेला नाही. कपाटात सावलीला ठेवा.